कुत्र्याला कच्चा आहार देताना: कलेजी, गुर्दा आणि हाडांचे माप

आमच्या घरी बिजली नावाची देशी कुत्री आहे. तिचे वजन २० किलो आहे, वय सहा वर्षे आहे आणि गेली चार वर्षे तिचा आहार मुख्यतः कच्च्या मांसाचा आहे. सुरुवातीला मी जे काही वाचले, त्यात मांस, हाड आणि आतले अवयव यांचे प्रमाण दिलेले असे; पण भांडुपच्या बाजारात उभे राहिल्यावर यातले नेमके काय मागायचे, गुर्दा (मूत्रपिंड) अवयवात धरायचा की मांसात, कोणती वस्तू कच्ची देणे धोक्याचे आहे, हे कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत माझ्या हातून चुका झाल्या आणि त्या बिजलीला भोगाव्या लागल्या. मुंबईत राहून हा आहार सुरू करू पाहणाऱ्यांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ सालीच कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस देऊ नये असे धोरण जाहीर केले आहे आणि तुमचे पशुवैद्यही बहुधा तेच सांगतील. त्यांच्या सांगण्याला ठोस कारणे आहेत: कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया आणि ई. कोलाय हे जंतू असू शकतात, आणि घरगुती आहारात पोषणाचा समतोल सहज बिघडतो. मी हा आहार देतो तो ही कारणे मान्य करून आणि त्यांच्यावर जमेल तेवढा उपाय करून देतो. ज्यांना एवढी दक्षता रोज घेणे शक्य नाही, त्यांनी शिजवलेला समतोल आहार किंवा चांगले तयार खाद्य द्यावे. त्यात कुत्र्याचे कोणतेही नुकसान नाही.

१. आधी घर आणि कुत्रा पाहा

घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध माणूस किंवा केमोथेरपीसारखे उपचार घेणारा रुग्ण असेल, तर कच्चा आहार सुरू करू नका. जंतू भांड्यातून, ओट्यावरून, कुत्र्याच्या जिभेवरून आणि विष्ठेतून माणसापर्यंत पोहोचतात, आणि कुत्रा स्वतः आजारी न दिसताही ते पसरवू शकतो. माझ्या सासूबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने आमच्याकडे होत्या, त्या काळात बिजलीचे सगळे मांस मी शिजवून दिले.

कुत्र्याच्या बाबतीतही काही ठिकाणी थांबावे लागते. ज्याला स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे, त्याला चरबीदार मांस सोसत नाही. मूत्रपिंडाच्या आजारात मांस आणि हाड यांतला फॉस्फरस घातक ठरतो. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत युरिक ॲसिडचे विघटन नीट होत नाही. कलेजी-गुर्द्यात प्युरीन, म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनते तो घटक, भरपूर असल्याने त्यांना मूतखडे होण्याचा धोका असतो. लॅब्राडोरसारख्या काही जातींत यकृतात तांबे साठण्याची प्रवृत्ती आढळते, म्हणून त्यांच्या बाबतीत बकऱ्याची कलेजी पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये. मोठ्या जातीच्या पिल्लांना तर वाढ पूर्ण होईपर्यंत घरच्या अंदाजाने हा आहार देऊच नये, कारण कॅल्शियम कमी पडले तरी आणि जास्त झाले तरी त्यांची हाडे वाकडी होतात.

२. काय जवळ हवे

कागदांपैकी तीन हाताशी ठेवा: लसीकरणाचे कार्ड, जंताच्या औषधांची नोंद आणि यकृत व मूत्रपिंडाच्या कार्याचा ताजा रक्ततपासणी अहवाल. हा अहवाल आहार बदलण्याच्या आधीचा हवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येते. मुंबईत खर्च परवडत नसेल, तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय या दोन जुन्या संस्था आहेत.

साहित्यात सर्वांत आवश्यक वस्तू म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा. अंदाज येथे चालत नाही. २५ ग्रॅम कलेजी आणि ६० ग्रॅम कलेजी हातात घेतल्यावर जवळपास सारखीच वाटते. त्याशिवाय मांसासाठी वेगळी पाटी आणि वेगळी सुरी, झाकणाचे डबे, डब्यांवर तारीख लिहिण्यासाठी चिकटपट्टी, स्टीलचे भांडे आणि एक वही एवढे पुरते. फ्रीझरमध्ये निदान आठवड्याभराच्या मांसाची जागा हवी. ती नसेल, तर आधी त्याची सोय करा आणि मग मांस आणायला निघा.

३. प्रमाण समजून घ्या

प्रौढ कुत्र्याला दिवसाला त्याच्या योग्य वजनाच्या दोन ते तीन टक्के आहार लागतो. येथे आजचे वजन धरायचे नसून जे असायला हवे ते धरायचे आहे. लठ्ठ कुत्र्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. प्रचलित विभागणी अशी: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के दुसरे ग्रंथीयुक्त अवयव.

बिजलीला मी अडीच टक्क्यांनी, म्हणजे दिवसाला ५०० ग्रॅम देतो. आठवड्याचा हिशेब ३,५०० ग्रॅमचा होतो. त्यात कलेजी १७५ ग्रॅम, दुसरे अवयव १७५ ग्रॅम आणि निव्वळ हाड ३५० ग्रॅम हवे. हाड मात्र सुटे मिळत नाही, ते मांसासह येते. कातडी काढलेल्या कोंबडीच्या मानेत साधारण ३६ टक्के हाड असते आणि कोंबडीच्या पायांत सुमारे ६० टक्के. म्हणून मी आठवड्याला ७०० ग्रॅम माना आणि १७० ग्रॅम पाय घेतो. त्यातून जवळजवळ ३५० ग्रॅम हाड मिळते. उरलेले २,२८० ग्रॅम बिनहाडाचे मांस असते: कोंबडी १,००० ग्रॅम, म्हशीचे मांस ८८० ग्रॅम आणि पेटा (कोंबडीचे जठर) ४०० ग्रॅम. हा हिशेब एकदा कागदावर मांडून ठेवला, की नंतर फक्त वजन करायचे उरते. रोजच्या ताटात प्रत्येक घटक नेमका तेवढाच यावा असा हट्ट धरण्याची गरज नाही. आठवड्याची बेरीज जुळली पाहिजे.

हाडाचा भाग का वगळता येत नाही, हे नीट समजून घ्या. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नसते. नुसते बिनहाडाचे मांस महिनोन्‌महिने दिले, तर शरीर कॅल्शियमसाठी स्वतःच्याच हाडांतून उसनवारी करते आणि हाडे ठिसूळ होतात. ज्यांना हाड द्यायची भीती वाटते, त्यांनी अंड्याचे कवच उकळून, वाळवून, अगदी बारीक पूड करून दर किलो मांसामागे साधारण एक चहाचा चमचा मिसळावी.

४. खाटकाकडे काय मागावे

नव्या माणसाचा गोंधळ सर्वांत जास्त येथे होतो, कारण दुकानातली वर्गवारी आणि आहाराच्या हिशेबातली वर्गवारी वेगवेगळी आहे. चिकनच्या दुकानात कलेजी आणि पेटा एकत्र तोलून देतात. यातली कलेजी अवयवात मोडते, पण पेटा हा कोंबडीच्या जठराचा स्नायू असल्याने मांसात मोडतो. अर्धा किलो ‘कलेजी-पेटा’ आणून तो सगळा अवयवांच्या खात्यात धरला, तर हिशेब पूर्ण चुकतो. दुकानदाराला दोन्ही वेगळे तोलायला सांगा. सकाळी गर्दी नसताना गेलात, तर ते आनंदाने करतात.

दिल, म्हणजे हृदय, हाही स्नायूच आहे आणि तो मांसात धरायचा. वजडीही मांसातच धरा. दुकानात मिळणारी वजडी गरम पाण्याने साफ केलेली असते. फोफसा, म्हणजे फुप्फुस, स्वस्त मिळतो, पण त्यात हवा आणि पाणी जास्त असल्यामुळे कलेजीची जागा तो घेऊ शकत नाही. ‘दुसरे अवयव’ म्हणून खऱ्या अर्थाने चालतात ते गुर्दा, तिल्ली (प्लीहा) आणि कपुरे (बकऱ्याचे वृषण). गुर्दा कोठेही मिळतो. तिल्ली बकऱ्याच्या दुकानात आधी सांगून ठेवावी लागते, नाहीतर ती कलेजीच्या वाट्याबरोबर निघून जाते. मी आमच्या मटणवाल्या चाचांना शनिवारीच सांगून ठेवतो आणि रविवारी सकाळी साडेसातच्या आत जाऊन घेऊन येतो.

बकऱ्याचा किंवा म्हशीचा गळ्याचा भाग, म्हणजे श्वासनलिकेच्या आसपासचे मांस, घेऊ नका. तेथे थायरॉइड ग्रंथी चिकटलेली असू शकते आणि ती नियमित खाण्यात आली, तर कुत्र्याच्या रक्तात थायरॉइडचे संप्रेरक वाढून त्याचे वजन घटते, तहान वाढते आणि तो अस्वस्थ होतो. डुकराचे मांस आणि अवयव कच्चे अजिबात देऊ नका.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मुंबईत ‘मोठ्याचे’ म्हणून जे कायदेशीरपणे मिळते ते म्हशीचे मांस असते. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. देवनारच्या महापालिकेच्या कत्तलखान्यात जनावराची पशुवैद्यकीय तपासणी होते. गल्लीत कापलेल्या जनावराची होत नाही. बकरी ईदला शेजारून आलेले किंवा गावाकडच्या जत्रेतून आलेले अवयव प्रेमाने दिलेले असतात, पण ते कुत्र्याला कच्चे घालू नयेत. पर्युषण, महावीर जयंती, गांधी जयंती अशा दिवशी कत्तलखाना आणि दुकाने बंद असतात, आणि गटारीच्या आदल्या दोन दिवसांत तुमच्यासाठी तिल्ली वेगळी काढायला कोणालाच उसंत नसते. हे दिवस वहीत लिहून ठेवा आणि आधीच्या आठवड्यात साठा करा.

५. बकऱ्या-म्हशीचे अवयव शिजवूनच द्या

कच्चा आहार देणारे काही जण याच्याशी सहमत होणार नाहीत, पण या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकायनोकॉकस नावाचा एक अतिशय लहान फीतकृमी आहे. त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी मेंढ्या, बकऱ्या आणि म्हशींच्या यकृतात व फुप्फुसात असतात. अशी गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली, की त्याच्या आतड्यात किडे वाढतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कुत्रा ठणठणीत दिसतो. ती अंडी कुत्र्याच्या केसांवरून किंवा हातावरून माणसाच्या पोटात गेली, तर माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी होतात, आणि त्या वाढून लक्षात येईपर्यंत कित्येक वर्षे गेलेली असतात. हा हायडॅटिड रोग भारतात आढळतो, आणि कत्तलखान्याच्या आसपासची भटकी कुत्री टाकून दिलेले अवयव खातात, त्यातूनच त्याचे चक्र चालू राहते.

गोठवण्याने या गाठी मरतात, पण त्यासाठी उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानात निदान दोन दिवस हवेत. घरचा फ्रीझर बहुधा उणे १८ अंशांचा असतो, आणि दार दिवसातून दहा वेळा उघडले जाणाऱ्या, मुंबईच्या उकाड्यात चालणाऱ्या फ्रीजवर मी एवढा विश्वास टाकत नाही. म्हणून बकऱ्याची किंवा म्हशीची कलेजी, गुर्दा, तिल्ली मी बोटभर जाडीचे तुकडे करून पाण्यात पंधरा मिनिटे खळखळून उकळतो, थंड करतो आणि उकळलेल्या पाण्यासकट मांसात मिसळतो. वजन कच्चे असतानाच करायचे. कलेजीतले अ जीवनसत्त्व आणि तांबे अशा उकळण्याने फारसे वाया जात नाही. कोंबडीची कलेजी मात्र कच्ची दिली तरी या कृमीचा प्रश्न येत नाही.

मग फक्त कोंबडीचीच कलेजी का देऊ नये, असे तुम्ही विचाराल. कारण तांबे. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या कलेजीत तांबे भरपूर असते आणि कोंबडीच्या कलेजीत फारच थोडे. मी १७५ ग्रॅमपैकी साधारण १०० ग्रॅम बकऱ्याची उकडलेली कलेजी आणि ७५ ग्रॅम कोंबडीची कलेजी असा मेळ घालतो.

जंताचे औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे पाहून घ्या. फक्त गोल जंतांवरची औषधे या फीतकृमीवर चालत नाहीत. किती दिवसांनी द्यायचे हे पशुवैद्यांना आहार सांगून ठरवा. आणखी एक कळकळीची विनंती: उरलेले कच्चे अवयव इमारतीखालच्या कुत्र्यांना टाकू नका. भुकेल्या जिवाला खाऊ घालण्याची भावना चांगली आहे, पण तेच अवयव उकळून घातले, तर त्या कुत्र्याचेही आणि वस्तीतल्या मुलांचेही भले होते.

६. आहार हळूहळू बदला

पहिले दहा दिवस फक्त बिनहाडाची कोंबडी द्या: सुरुवातीला जुन्या खाण्यात एक चतुर्थांश, मग निम्मी, मग पूर्ण. शौच बांधलेले आले, की मान किंवा पाय सुरू करा आणि कुत्रा हाड चावतो की गिळतो ते समोर बसून पाहा. अधाशी कुत्र्याला माना कुटून द्या. अवयव तिसऱ्या आठवड्यात आणावेत. पहिल्या दिवशी कलेजीचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा असावा, आणि पूर्ण मापापर्यंत पोहोचायला आणखी दोन आठवडे जाऊ द्यावेत.

मी हे केले नाही. कलेजी स्वस्त मिळते आणि पौष्टिक असते, एवढेच ठाऊक असल्याने मी पहिल्याच आठवड्यात बिजलीला रोज दीडशे ग्रॅम कलेजी घातली, आणि चार दिवस तिला काळपट, पातळ, दुर्गंधी शौच होत राहिले. ते तात्पुरते होते, पण अशी कलेजी महिनोन्‌महिने दिली असती, तर अ जीवनसत्त्व शरीरात साठून मानेचे आणि सांध्यांचे कायमचे दुखणे लागू शकले असते. हे जीवनसत्त्व यकृतात साठत जाते. २० किलोच्या कुत्र्याची त्याची रोजची गरज २५ ग्रॅम कलेजीत भागते.

शौच रोज पाहण्याची सवय लावा. ते पांढरे, कोरडे, चुरा होणारे असेल आणि कुत्रा कुंथत असेल, तर हाड जास्त झाले आहे. काळे आणि सैल असेल, तर अवयव जास्त झाले आहेत. रक्त दिसले, वारंवार उलटी झाली किंवा कुत्र्याने एक दिवस पूर्ण अन्न नाकारले, तर घरी प्रयोग करत न बसता दवाखाना गाठा.

७. हाडांचे नियम

शिजवलेले हाड कधीही देऊ नका. उष्णतेने ते ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या आतडे फाडू शकतात. मोठ्या जनावराच्या पायाची नळी कच्चीही नको, कारण ती दातांपेक्षा भारी पडते. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी एकदा जेवताना रश्श्यातली नळी बिजलीपुढे टाकली. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत तिच्या वरच्या मोठ्या दाढेची कपची उडाली होती आणि पुढे ती दाढ काढावी लागली. त्या रश्श्यात कांदा-लसूणही होता, जो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला जेवणाआधीच सांगून ठेवा. वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्या.

८. साठवण आणि स्वच्छता

मांस आणल्यावर लगेच दिवसाचे वाटे करून गोठवा. कोंबडी नळाखाली धुऊ नका. त्याने जंतू सिंकभर उडतात. दुसऱ्या दिवशीचा डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, जेथे त्याचे पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. ओट्यावर ठेवून मांस वितळवणे मुंबईच्या हवेत, विशेषतः मे महिन्यात आणि पावसाळ्यात, मुळीच सुरक्षित नाही. म्हशीचे मांस वापरण्याआधी निदान आठवडाभर गोठवलेले असावे, म्हणजे त्यातल्या काही परजीवींचा धोका कमी होतो. जंतू मात्र गोठवण्याने मरत नाहीत, फक्त थांबून राहतात.

कुत्र्याने वीस मिनिटांत जे खाल्ले नाही ते उचला. भांडे, पाटी, सुरी आणि जमीन गरम साबणाच्या पाण्याने धुवा, हात निदान वीस सेकंद चोळून धुवा आणि जेवणानंतर काही वेळ कुत्र्याला कोणाचे तोंड चाटू देऊ नका. मांसाच्या पिशव्या आणि चिंध्या त्याच दिवशी घट्ट बांधून कचऱ्यात द्या. जिन्यात वास आला की सोसायटीतला सलोखा बिघडतो आणि त्याची झळ शेवटी कुत्र्याला लागते.

९. जे तरीही कमी पडते

मांस, हाड आणि अवयव यांचे प्रमाण अचूक सांभाळले, तरी मँगनीज, जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ यांची कमतरता राहू शकते. मी आठवड्यातून दोनदा शंभर ग्रॅम तारली प्रेशर कुकरमध्ये काटे मऊ होईपर्यंत शिजवून देतो आणि तेवढे मांस कमी करतो. मासे कच्चे देत नाही, कारण काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते आणि ते शिजवल्याने निकामी होते. बाकीच्या पूरकांसाठी तुमचा आठवड्याचा हिशेब ग्रॅममध्ये लिहून पशुवैद्यांना दाखवा. ‘मी त्याला मटण आणि कलेजी देतो’ एवढ्या माहितीवर कोणताही डॉक्टर योग्य मात्रा सांगू शकत नाही.

पहिले सहा महिने दर पंधरा दिवसांनी वजन करा, सहा महिन्यांनी रक्ततपासणी पुन्हा करून घ्या आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून यकृताचे व मूत्रपिंडाचे आकडे पशुवैद्यांसमवेत पाहा. आकडे वाढलेले दिसले, तर त्याच आठवड्यात आहार थांबवा. बिजलीची ही तपासणी आता वर्षातून एकदा, दिवाळीनंतर होते, आणि त्या दिवशी आठवड्याच्या हिशेबाची वही माझ्या पिशवीत असते.